कोयनेच्या पाण्यामागे: सातारा, आरे-वारे, जयगड, गुहागर आणि परत

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण धरण झाल्यापासून तिचं बरंच पाणी दुसऱ्या वाटेनं जातं. डोंगरातून खोदलेल्या बोगद्यांतून ते पोफळीच्या वीजघरात उतरतं, तिथून वाशिष्ठीत येतं आणि वाशिष्ठी दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच खोऱ्यातला पाऊस एका बाजूने बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या बाजूने कोकणातून समुद्राला जातो. पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं याची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घालून दिली आहे, ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट).

आमचं मूळ गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. पाणी चढू लागलं तेव्हा माझी आत्या आठ-नऊ वर्षांची होती. आता ती पाटणला असते. मागच्या दिवाळीत बोलता बोलता ती म्हणाली, "आपलं पानी समुद्राला मिळतं म्हंत्यात, ते कुठं मिळतं ते काय मी बघितलं न्हाई." डिसेंबरात लेकीला नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही गाडी काढली. मी, बायको, नववीतली लेक आणि आत्या.

जाताना आंबा घाट आणि येताना कुंभार्ली असा रस्ता ठरवला, तो मुद्दाम. किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला गेलं की समुद्र डाव्या हाताला राहतो. आपण डावीकडूनच चालवतो, त्यामुळे गाडी समुद्राच्या बाजूच्या कडेने जाते आणि थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने गेलात तर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे समुद्र बघत बसावं लागतं. या रस्त्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगेन.

एकादशी: सातारा, शिराळा, आंबा घाट, रत्नागिरी

आत्या आदल्या रात्रीच साताऱ्याला आली होती. उजाडायच्या आत निघालो. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा मोसम. महामार्गावर उंब्रजपासूनच दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागले. अंधारात या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस रुंदीच्या बाहेर आलेला असतो. पहाटे निघणाऱ्यांनी कराड ओलांडेपर्यंत वेग आवरावा, अगदी रस्ता मोकळा दिसला तरी. तासवड्याला फास्टॅगमधून टोल गेला आणि पेठ नाक्याला आम्ही उजवीकडे वळलो.

शिराळ्यात मारुतीचं दर्शन घेतलं. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. लोक शिराळ्याला नागपंचमीचं गाव म्हणून ओळखतात, पण थंडीतल्या सकाळी इथं आलं पाहिजे. देवळात आम्ही आणि एक पुजारी, आणि बाहेर पेपर वाचत उन्हाला बसलेली म्हातारी माणसं.

कोकरूडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ सुरू होतं. वासानेच थांबलो. काहिलीत रस उकळत होता आणि एक गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढून बाजूला टाकत होता. मळी वर यावी म्हणून रसात भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात, ते ठेचलेलं झाड तिथंच बादलीत भिजत होतं. लेकीने विचारलं, तर त्याने हात थांबवला नाही पण सगळं नीट समजावलं. बुडबुडा केवढा झाला की काहील उतरवायची, उशीर झाला तर गूळ कसा काळा पडतो, लवकर उतरवली तर कसा पाझरतो. आत्येचा एकादशीचा उपास होता. त्याने तिला पळसाच्या पानावर गरम गूळ दिला आणि वर शेंगदाणे ठेवले. पैसे घ्यायला तयार नव्हता, म्हणून आम्ही काकवीची बाटली विकत घेतली. सातारा-सांगलीच्या लोकांना गुऱ्हाळाचं कौतुक काय, असं कुणी म्हणेल. पण आता गुऱ्हाळं किती कमी राहिलीत ते बघा आणि दिसलं की थांबा.

वारणा ओलांडून मलकापूर, तिथून रत्नागिरीचा मोठा रस्ता. आंबा गाव येईपर्यंत हवेत गारवा होता. घाट उतरताना दर दोन-तीन वळणांनी एकेक कपडा कमी होत गेला आणि साखरप्याला पंखा लावून जेवलो. आत्येसाठी घरून भगर आणि दाण्याची आमटी आणली होती. रुंदीकरणामुळे या रस्त्यावर धूळ बरीच होती, काचा वर ठेवाव्या लागल्या. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

रत्नागिरीत चार वाजता पोचलो. सामान टाकून भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. आत्येने समुद्र आधी पाहिला होता, पण मुंबईचा, दादरचा. इथं तिने चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून बराच वेळ एकटी चालत राहिली. आम्ही मागे मागे. शुद्ध एकादशी असल्यामुळे चंद्र दिवस मावळायच्या आधीच वर आला होता.

द्वादशी: आरे-वारे, गणपतीपुळे आणि जयगडची फेरीबोट

उपास सोडायला रत्नागिरीत सकाळी गरम घावणे आणि नारळाचं दूध मिळालं. मग शिरगाव, काळबादेवी करत किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो.

आरे-वारेच्या रस्त्याबद्दल खूप लिहिलं जातं आणि तो त्या सगळ्याला पुरून उरतो. वारे सोडलं की रस्ता डोंगराच्या खांद्यावर चढतो. वर चढत असताना डावीकडे फक्त आकाश दिसतं. मग एका वळणावर खालचा किनारा एकदम उघडतो. मागे वळून पाहिलं तर एक किनारा, पुढे पाहिलं तर दुसरा, मध्ये आपण उभे असलेला काळा कडा. सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती होती आणि लाटा थेट सुरूच्या बनापर्यंत येत होत्या. सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगराकडून येतो, त्यामुळे पाण्याचा खरा रंग सकाळीच कळतो. किनाऱ्याजवळ मातकट, मग हिरवा, मग निळा. संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी होते आणि गाड्या वळणावरच उभ्या करतात. सूर्यास्त बघायचाच असेल तर वर न थांबता खाली वाळूवर जाऊन बघा. फोटोसाठी वळणावर गाडी लावू नका, मागून येणाऱ्या एसटीला दिसत नाही.

या सगळ्या पट्ट्यात पाण्यात उतरताना फार जपावं. आरे-वारे काय, गणपतीपुळे काय, किनारा एकदम खोल होतो आणि परतीचा ओढ जबरदस्त असतो. दरवर्षी इथं माणसं बुडतात, आणि त्यातले बरेच आपल्यासारखे घाटावरून आलेले असतात. नदीत, विहिरीत पोहता येणं इथं कामाला येत नाही. गुडघाभर पाण्याच्या पुढे कुणीही जाऊ नये. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये.

गणपतीपुळ्याला आत्येने डोंगराची प्रदक्षिणा पूर्ण केली. इथं गणपती स्वयंभू, डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती डोंगराला. अंतर साधारण किलोमीटरभर, फरसबंदी वाट आहे, म्हाताऱ्या माणसांना जमते. फक्त उन्हाच्या आत जावं. दुपारी फरशी तापते.

जयगडला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. शास्त्री नदी इथं समुद्राला मिळते. अलीकडच्या तीरावर किल्ला, पलीकडे तवसाळ. खाडीवर पूल नाही. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. नाहीतर खाडीला मोठा वळसा. महामार्गावर टोल भरताना आपण फक्त पुढे सुटायचं बघतो. इथं तिकिटाच्या पैशात नदीचं मुख दिसतं, किल्ला पाण्यावरून दिसतो, इंजिन बंद करून वारा खाता येतो. मला विचाराल तर किनाऱ्याच्या या रस्त्याचा खरा टोलनाका हाच, आणि तो मी आनंदाने भरला.

ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त होतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. गाडी जड असेल तर चालवणारा सोडून बाकीच्यांनी उतरून चालत बोटीवर जावं. खालची बाजू घासत नाही. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, बोटीवरचा माणूस हात दाखवेल तसं जायचं. सुटे पैसे जवळ असू द्या आणि शेवटची बोट किती वाजता आहे ते सकाळीच कुणाला तरी विचारून घ्या.

बोटीवर एक मासेवाली होती. जयगडला मासळी विकून रिकामी पाटी घेऊन निघालेली. आत्येच्या शेजारी बाकावर बसली आणि "कुठून आलाव?" म्हणून सुरू झाली. पाच मिनिटांत दोघींनी एकमेकींची सुना-नातवंडं काढली. आत्येने तिला सांगितलं की आमचं गाव धरणात गेलं. ती म्हणाली, आता म्हणे इथं पूल होणार, मग बोट बंद. "पूल झाला तर बरंच होईल, रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला तर बोट नसते. पण मग असं बसून बोलायला कोण थांबेल?" रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग पुरा करायचा तर या खाड्यांवर पूल लागणारच. तिचं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरंही. पूल होण्याआधी एकदा ही बोट घ्याच.

हेदवीत एका घरगुती ठिकाणी उतरलो. यजमान काका सत्तरीचे, सुपारीची बाग करणारे. अंगणभर सुपारी वाळत घातली होती आणि रात्री तिच्यावर दव पडू नये म्हणून ते आणि त्यांचा नातू ताडपत्री ओढत होते. आम्हीही हात लावला. जेवायला वालाचं बिरडं, सोलकढी, भात, पोह्याचे पापड. मी बामणघळीला कधी जावं असं विचारलं, तर ते लेकीकडे वळून म्हणाले, "उद्या तिथी कोणती?"

"त्रयोदशी."

"तेराची पाऊणपट कर."

तिने केली. पावणेदहा.

"पावणेदहाला पूर्ण भरती. त्याच्या अर्धा तास आधी जा."

तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. वद्य पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. लेकीने मोबाईलवर भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं, फरक थोड्या मिनिटांचाच होता. त्यानंतर परत येईपर्यंत तिने कॅलेंडर सोडलं नाही. कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं, फेरीबोटीला आणि किनाऱ्यावर चालायलाही कामाला येतं.

त्रयोदशी: बामणघळ, वेळणेश्वर, गुहागर, अंजनवेल

बामणघळ म्हणजे समुद्रकाठच्या काळ्या कातळात पडलेली लांब, अरुंद चीर. उमामहेश्वराच्या देवळाजवळून खडकावरून जायचं. भरतीचं पाणी चिरेत शिरतं, आत कोंडतं आणि टोकाला जागा न उरल्याने वर उसळतं. पावसाळ्यात उंच कारंजं होतं असं काका म्हणाले. डिसेंबरात समुद्र शांत, तरी पौर्णिमा जवळ आली होती म्हणून जोर चांगला होता. आधी चिरेच्या पोटातून धाप टाकल्यासारखा आवाज येतो, मग पायाखालचा कातळ हलतो आणि मग पाणी. दर लाटेला येतंच असं नाही. चार-पाच लाटा नुसत्या गुरगुरून जातात आणि सहावी येते ती अंगावर. काठावर जाऊ नका. कातळ ओला आणि बुळबुळीत आहे, आणि चिरेत पडलेला माणूस वर येत नाही. नावामागे अशाच एका पडलेल्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतात.

वेळणेश्वरला नारळाच्या बागेतून किनाऱ्यावर गेलो, देवळात थोडं टेकलो. पालशेतवरून गुहागर. आता बारस सुटली होती, म्हणून आत्येने मासे मागितले. एका खानावळीत सुरमईचा तुकडा, मुळ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि तांदळाची भाकरी. आपल्याकडे मटणाच्या रश्श्याला जी तर्री लागते ती इथं शोधू नका. खोबरं आणि कोकम यांची चव वेगळी, सावकाश जेवलं की कळते. आत्येने काटे काढत काढत दुसऱ्यांदा भात घेतला.

गुहागरचं व्याडेश्वराचं देऊळ पाहिलं आणि ऊन कलल्यावर अंजनवेलला निघालो. गोपाळगड आधी लागतो. पुढे कड्यावर टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. डाव्या हाताला मोकळा समुद्र, उजव्या हाताला दाभोळची खाडी, पलीकडच्या तीरावर दाभोळ.

"हे वाशिष्ठीचं तोंड," मी म्हणालो.

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. खाडीतून एक मच्छीमार बोट बाहेर निघाली होती. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी मिळतं तिथं रंगाची पुसट रेघ होती, बोट ती ओलांडून गेली.

"आन् आपलं पानी यातलं कुठलं?"

याला काय उत्तर देणार. शेजारी गुरं वळणारा एक माणूस होता, त्याने तिचा प्रश्न ऐकला. त्याने सांगितलं की खाडीत भरती चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत चढते, तोपर्यंत पाणी खारं. त्याच्या वर गोडं. "चिपळूणला उन्हाळ्यातसुद्धा वाशिष्ठी आटत नाय, ती तुमच्या धरणाच्या पाण्यावर." आत्येला हे ठाऊक नव्हतं. तिने त्याला दोनदा विचारलं, उन्हाळ्यात पण? चैत्रात पण? तो म्हणाला, व्हय, चैत्रात पण. मग ती जरा वेळ काही बोलली नाही आणि म्हणाली, "मग बरं हाय." आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन अजून कागदावर आहे. ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. ते बरं नाहीच. पण आपलं गाव ज्या पाण्याखाली गेलं ते पाणी कुणाच्या तरी दारातून जातं, हे तिला कुणी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

चतुर्दशी: चिपळूण, कुंभार्ली, कोयनानगर, पाटण

गुहागरहून निघणारा रस्ता हाच पुढे कराड, विटा, जत करत विजापूरला जातो. आपण सातारा-सांगलीत ज्याला गुहागर-विजापूर म्हणतो त्याचं हे समुद्राकडचं टोक.

चिपळूणला पुलावर थांबलो. काठच्या दुकानांच्या भिंतींवर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या पाण्याची खूण अजून काही ठिकाणी दिसते, माणसाच्या डोक्याच्या वर. त्याच काठावर बाजार जोरात होता. बर्फात घालून मासळी घेतली. मासळी न्यायची असेल तर थर्मोकोलचा डबा आणि मीठ मिसळलेला बर्फ घ्या, घाट चढून साताऱ्यापर्यंत चांगली राहते.

पोफळी मागे टाकली आणि कुंभार्ली सुरू झाला. आंब्यापेक्षा हा घाट मला जास्त आवडतो. झाडी दाट, वळणं आखूड, आणि खाली कोळकेवाडीच्या बाजूचं खोरं सारखं दिसत राहतं. मी लेकीला सांगत होतो की आपण चढतोय तेवढंच ते पाणी डोंगराच्या पोटातून उतरतं, साडेचारशे मीटरहून जास्त, आणि सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट वीज होते. आत्या मध्येच म्हणाली, "आमच्या गावात तवा कंदीलच हुता." घाटात ट्रक फार. चढणाऱ्या ट्रकच्या मागे धीर धरा, तेल सांडलेली वळणं असतात. घाटमाथ्यावर गरम भजी आणि चहा.

कोयनानगरला नेहरू उद्यानात थोडं बसलो. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, ती तिथून दिसते. डिसेंबर असल्याने १९६७ ची गोष्ट निघालीच. ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आत्या घराबाहेर कशी पळाली, दोन महिने लोक उघड्यावर कसे झोपले, थंडीत शेकोट्या कशा पेटत ठेवल्या. लेकीने हे पहिल्यांदा ऐकलं. पाणी खूप उतरलं की जुन्या वाड्यांची जोती आणि देवळाचे दगड दिसतात असं आत्या म्हणते. आता जलाशय भरलेला होता.

हेळवाकवरून पाटण. घरी पोचताच आत्येने मासळीतली अर्धी काढून घेतली, कोकमं शेजारणीला वाटली आणि काकवी कपाटात ठेवली. आम्हाला लगेच निघू दिलं नाही, चुलीवरची बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊनच उठलो. ताट वाढताना तिने विचारलं, "महाबळेश्वरला पाच नद्या निघत्यात ना? त्यातली सावित्री कुठं जाते?"

सावित्री आंबेनळी घाटाच्या बाजूने पोलादपूर, महाडला उतरते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. तिथंही वेसवी ते बागमांडला अशी फेरीबोट आहे. पावसाळ्यानंतर घाट मोकळा झाला की तिकडे जायचं नक्की झालं आहे. तारीख लेक तिथी बघून काढणार आहे.